तिजोरीपासून उंबरठ्यापर्यंत

लहानपणी आमच्या गावात कुणी जरा विक्षिप्तपणे वागू लागला, की वडीलधारी माणसे हसून म्हणायची, "याला आता ठाण्याला पाठवायला हवा!" पुण्याकडची मंडळी हेच वाक्य येरवड्याचे नाव घालून म्हणत, विदर्भात नागपूरचे नाव निघे आणि तळकोकणात रत्नागिरीचे. मनोरुग्णांची सरकारी इस्पितळे कित्येक पिढ्या या चारच ठिकाणी होती. त्यामुळे बिचाऱ्या गावांची नावेच थट्टेचा विषय होऊन बसली.

आमच्या वाड्यात मात्र ही थट्टा कुणी करीत नसे. कारण आमच्या वाड्यात मधले काका होते.

काका मॅट्रिक झालेले. अक्षर मोत्यासारखे. तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. तिशीच्या सुमारास त्यांना कुणीतरी आपल्याशी बोलते आहे असे वाटू लागले. मग ते त्या न दिसणाऱ्या माणसाला उत्तरे देऊ लागले. कचेरी सुटली. आधी अंगारे-धुपारे झाले, उतारे झाले, देवऋषी झाला. मग परसदारच्या खोलीला बाहेरून कडी लागली. आजी दोन्ही वेळा ताट आत सरकवायची आणि पदराने डोळे पुसत माजघरात यायची. आम्हां मुलांना तिकडे जायची मनाई होती.

शेवटी थोरल्या काकांनी मनाचा हिय्या केला आणि त्यांना ठाण्याला नेले. सहा-सात महिन्यांनी मधले काका परत आले. केस नीट कापलेले, अंगात धुतलेला सदरा. ते ओसरीवर बसून सुपारी कातरू लागले, आमचे शुद्धलेखन तपासू लागले. साऱ्या आळीला नवल वाटले! इस्पितळातल्या डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, गोळ्या चुकवू नका. आणि त्या गोळ्या मिळायच्या फक्त तिथे. थोरले काका दर महिन्याला रजा काढीत, पहाटेची एस.टी. पकडीत, पनवेलला गाडी बदलीत आणि दुसऱ्या दिवशी रात्री गोळ्यांची पुडी घेऊन परत येत. हे त्यांनी चार वर्षे केले. मग त्यांना स्वतःलाच अंथरूण धरावे लागले. दोन खेपा चुकल्या. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे मधले काका घरातून निघून गेले. सापडले, पुन्हा ठाण्याला गेले. परंतु या वेळी परत आले नाहीत.

काकांचा आजार आटोक्यात येण्यासारखा होता, तो आलाही होता. पण आटोक्यात राहण्याची सोय घरापासून शंभर मैलांवर होती. त्या शंभर मैलांचीच ही हकीकत आहे. ते अंतर तोडायला सरकारी तिजोरीतून पैसा कधी निघाला, कोणत्या वाटेने गेला आणि उंबरठ्यापर्यंत किती पोचला, हे वाचकांनी एकदा समजून घेण्यासारखे आहे.

एका राष्ट्राध्यक्षाची बहीण

अशा कामासाठी सरकारी अनुदानाचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, आणि त्याचा कर्ता ज्या घरात वाढला त्या घरातही एक बंद खोली होतीच.

जॉन केनेडी यांची धाकटी बहीण रोझमेरी लहानपणापासून बुद्धीने थोडी मागे होती. मोठेपणी तिचा स्वभाव चिडखोर झाला, तेव्हा १९४१ साली वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करविली. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. शस्त्रक्रियेनंतर तिचे चालणे-बोलणेच हरपले. पुढची कित्येक वर्षे ती घरापासून दूर एका संस्थेत राहिली. बाहेरच्या जगाला तिचा खरा ठावठिकाणा ठाऊक नव्हता. २००५ साली ती वारली. म्हणजे राष्ट्राध्यक्ष झालेल्या भावानंतर तब्बल एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ ती जगली. श्रीमंती असो वा गरिबी, घरातल्या अशा माणसाला लपविण्याची रीत सगळीकडे सारखीच!

केनेडी सत्तेवर आले तेव्हा अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालये तुडुंब भरलेली होती. १९५५ मध्ये तिथे सुमारे साडेपाच लाख माणसे कोंडलेली होती. त्याच सुमारास क्लोरप्रोमाझीन हे नवे औषध वापरात आले, आणि वर्षानुवर्षे भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसे पुन्हा बोलू लागली. तेव्हा प्रश्न उभा राहिला, की ही माणसे घरी गेली तर त्यांच्याकडे पाहणार कोण?

५ फेब्रुवारी १९६३ रोजी केनेडींनी अमेरिकन संसदेला खास संदेश धाडून या प्रश्नाचे उत्तर मांडले. दूरच्या अवाढव्य इस्पितळांऐवजी वस्तीतच मानसिक आरोग्याची केंद्रे काढावीत, असे ते उत्तर होते. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांनी कायद्यावर सही केली. प्रत्येक केंद्राकडे पाऊण लाख ते दोन लाख वस्तीचा भाग द्यायचा. तिथे भरती होण्याची सोय, बाह्यरुग्ण विभाग, दिवसापुरते राहण्याची सोय, रात्री-अपरात्री धावून येणारी मदत आणि शाळा, पोलीस वगैरेंना सल्ला, अशी पाच कामे चालायची. इमारतींसाठी तीन वर्षांकरिता पंधरा कोटी डॉलरची तरतूद झाली. सही करून तीन आठवडे होतात न होतात, तोच २२ नोव्हेंबरला डॅलस येथे केनेडींचा खून झाला.

विटांना पैसा, माणसांना नाही

आता अनुदानाच्या पोटातली खोच पाहा. मूळ विधेयकात डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक यांच्या पगारासाठीही पैसा मागितलेला होता. परंतु सरकार वैद्यकीच्या धंद्यात शिरते आहे, अशी ओरड अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने केली आणि संसदेने तो भाग गाळून टाकला. राहिल्या विटा! दवाखान्याला इमारत मिळाली, पण तीत बसणारे माणूस मिळाले नाही.

ही चूक १९६५ मध्ये थोडी दुरुस्त झाली. पगाराचे अनुदान मिळू लागले, पण ते उतरत्या भाजणीचे. पहिले सव्वा वर्ष पंचाहत्तर टक्के, मग साठ, मग पंचेचाळीस, मग तीस, आणि सव्वाचार वर्षांनंतर शून्य. तोवर केंद्र आपल्या पायावर उभे राहील, राज्य सरकार आणि गावकरी भार उचलतील, असा वॉशिंग्टनचा हिशेब होता. मूल चालू लागले की पांगुळगाडा काढून घ्यावा, तसा!

हिशेब कागदावर चोख होता. पण या केंद्रांत येणारा रुग्ण बहुधा नोकरी गमावलेला, खिशात दमडी नसलेला. त्याच्याकडून फी ती काय मिळणार? मग अनुदान आटू लागले तशी पुष्कळ केंद्रे फी देऊ शकणाऱ्या, सौम्य आजाराच्या माणसांकडे वळली. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता ते जुने, जबर आजाराचे रुग्ण बाहेरच राहिले. पुढे १९७० मध्ये अनुदानाची मुदत आठ वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. तरीही दीड हजार केंद्रांच्या स्वप्नापैकी सुमारे निम्मीच प्रत्यक्षात उतरली.

इकडे इस्पितळे मात्र झपाट्याने रिकामी होत होती. त्यामागेही पैशाचाच एक खटका होता. १९६५ साली गरिबांसाठी 'मेडिकेड' ही योजना आली. तिचा नियम असा, की मनोरुग्णालयात असलेल्या प्रौढ रुग्णाचा खर्च केंद्र सरकार देणार नाही; पण तोच रुग्ण एखाद्या शुश्रूषागृहात गेला तर देईल. राज्य सरकारांनी काय केले असेल हे सांगायला नकोच. माणसे इस्पितळातून उचलली आणि जिथे दुसऱ्याच्या खिशातून पैसा मिळेल तिथे ठेवली. १९८० पर्यंत इस्पितळांतील आकडा दीड लाखाच्या आत आला. उरलेल्यांतले कित्येक घरी गेले आणि सुखाने राहिले, हेही खरे आहे. परंतु कित्येक पदपथावर आले आणि कित्येक तुरुंगात. लॉस एंजेलिस आणि शिकागो येथील तुरुंग हीच आज अमेरिकेतील सर्वांत मोठी मनोरुग्णालये होत, असे तिथले लोक खेदाने म्हणतात.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या पत्नी रोझलिन यांनी या प्रश्नाचा ध्यास घेतला होता. त्यांच्या खटपटीने ऑक्टोबर १९८० मध्ये नवा कायदा झाला आणि केंद्रांना पुन्हा धीर आला. पण पुढल्याच वर्षी रेगन सरकारने तो बासनात गुंडाळला. सगळी अनुदाने एका गाठोड्यात बांधून राज्यांच्या हवाली केली आणि गाठोडेही हलके केले. अलीकडे, २०१४ च्या एका कायद्याने, वेगळी रीत आजमावून पाहिली जात आहे. ठराविक दर्जाची सेवा देणाऱ्या केंद्राला त्या सेवेच्या खऱ्या खर्चानुसार मोबदला मिळतो. पन्नास वर्षांनी उमगलेले शहाणपण एवढेच, की मनाचा जबर आजार चार वर्षांत संपत नाही, तेव्हा त्यासाठीचा पैसाही चार वर्षांत संपता कामा नये.

निळा घोडा

याच्या उलट उदाहरण इटलीतले आहे. त्रिएस्ते शहरातील मनोरुग्णालयाची सूत्रे १९७१ मध्ये फ्रँको बसालिया नावाच्या डॉक्टरांकडे आली. त्यांनी कुलपे काढली. १९७३ मध्ये तिथल्या रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून एक भलामोठा निळा घोडा बनविला आणि त्याची शहरातून मिरवणूक काढायचे ठरविले. घोडा एवढा मोठा झाला, की दारातून बाहेर निघेना. शेवटी दार फोडून तो बाहेर काढला! १९७८ साली इटलीने कायदाच केला, की नवी मनोरुग्णालये बांधायची नाहीत आणि असलेली हळूहळू बंद करायची.

घोड्याची गोष्ट सगळे सांगतात. त्यामागचा हिशेब मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्रिएस्तेने इस्पितळ मिटविले तेव्हा त्यावर होणारा खर्च वाचवून तिजोरीत भरला नाही. ती माणसे आणि तो पैसा वस्तीतल्या केंद्रांकडे वळविला. ही केंद्रे रात्रंदिवस उघडी असतात. बरे झालेल्यांना रोजगार मिळावा म्हणून सहकारी संस्था काढल्या. म्हणजे माणूस जिथे गेला तिथे त्याच्या वाटचा पैसाही त्याच्या मागोमाग गेला. इटलीच्या सगळ्याच भागांत हे इतके चांगले जमले असे नाही. पण जिथे जमले तिथे ते का जमले, याचे कारण हेच.

अमृतसरचे तंबू

आता आपल्या घराकडे वळू. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली. तेव्हा एवढ्या अफाट देशात मनोरुग्णालये होती एकोणीस आणि त्यांत खाटा सुमारे दहा हजार. ज्या कायद्याखाली ती चालत त्याचे नावच 'लुनसी अॅक्ट', साल १९१२. तो बदलायला १९८७ साल उजाडले, आणि नवा अमलात यायला १९९३.

पैसा नव्हता, पण कल्पकता होती. १९५० नंतरच्या वर्षांत अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक साधी गोष्ट केली. रुग्णाला दारात सोडून जाणाऱ्या नातेवाइकांना त्यांनी थांबवून घेतले. आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाला आईवडिलांसह त्यांत ठेवले. औषध कसे द्यायचे, काय बोलायचे, काय बोलायचे नाही, हे घरच्यांनी तिथेच शिकावे. रुग्ण लवकर सुधारू लागले आणि घरी परतू लागले. कुठल्याही परदेशी पुस्तकातून आलेली ही युक्ती नव्हती. आपल्याकडे खाटा नाहीत, पण नातलग आहेत, एवढेच त्या डॉक्टरांनी ओळखले होते.

पुढे १९७५ च्या सुमारास बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने जवळच्या सकलवारा येथे आणि चंडीगढच्या संस्थेने हरियानातील रायपूर रानी येथे खेड्यांत काम करून पाहिले. प्राथमिक आरोग्य केंद्राचा साधा डॉक्टर आणि खेड्यात फिरणारा आरोग्यसेवक यांना थोडे शिक्षण दिले, तर ते पुष्कळ मनोरुग्ण ओळखू शकतात आणि सांभाळू शकतात, असे दिसून आले. या पायावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. कार्यक्रम राष्ट्रीय, पण गाठीला पैसा जवळजवळ नाहीच. लग्नपत्रिका छापल्या, पंगतीची सोय नाही, असा प्रकार!

तरीही १९८५ ते १९९० या काळात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग नेटाने चालला. सुमारे वीस लाख वस्तीचा सबंध जिल्हा. तिथल्या आरोग्य केंद्रांत मोजकी चारपाच औषधे कायम राहतील अशी व्यवस्था केली, साध्या नोंदवह्या ठेवल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी एक मनोविकारतज्ज्ञ बसविला. आमचे थोरले काका ज्या पुडीसाठी दोन दिवस घालवीत, ती पुडी बळ्ळारीच्या शेतकऱ्याला बाजारच्या दिवशी येता-जाता मिळू लागली. त्या प्रयोगावरून १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. सुरुवात चार जिल्ह्यांत झाली आणि नवव्या पंचवार्षिक योजनेअखेर सत्तावीस जिल्ह्यांपर्यंत मजल गेली. त्या योजनेतील सगळी तरतूद होती अठ्ठावीस कोटी रुपये.

देशाला जाग आली ती मात्र एका भयंकर घटनेने. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथे ठेवलेल्या मनोरुग्णांना साखळदंडांनी जखडलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस माणसे जळून गेली. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. पुढच्या योजनांत तरतूद वाढत गेली, जिल्हे वाढत गेले. आज हा कार्यक्रम देशातील ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे.

माणशी तीन रुपये

जिल्ह्याला पैसा किती मिळतो? केंद्र सरकारने लोकसभेत अनेकदा दिलेले उत्तर असे, की एका जिल्ह्याला वर्षाला कमाल त्र्याऐंशी लाख वीस हजार रुपये. आकडा ऐकायला भरघोस वाटतो. आता भागाकार करू. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेअठ्ठावीस लाख होती. जास्तीत जास्त रक्कम पूर्ण मिळाली, पैन् पै खर्च झाली, तरी माणशी वर्षाला तीन रुपये पडतात. तीन रुपयांत आज कटिंग चहासुद्धा येत नाही. आणि ज्या जिल्ह्याचे नाव गेली पंचवीस वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वर्तमानपत्रांत येत आहे, त्या जिल्ह्याचा हा हिशेब आहे.

बरे, हा पैसा एका दमात येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून केंद्राचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस टक्के, अशी बेरीज होऊन तो जिल्ह्याकडे निघतो. आराखडा करायचा, तो मंजूर व्हायचा, हप्ता सुटायचा, खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र धाडायचे, मग पुढचा हप्ता. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणत्याही गृहस्थाला विचारा. मार्चअखेरीस पैसा आला की त्याचे काय होते, ते तो हसून सांगेल. खर्च झाला नाही की दिल्लीत शेरा पडतो, "जिल्ह्याला गरजच नाही." मग पुढल्या वर्षी कात्री. रुग्ण नाहीत म्हणून पैसा पडून राहतो असे थोडेच आहे? तज्ज्ञ मिळत नाही म्हणून तो पडून राहतो.

तज्ज्ञ का मिळत नाही? एका जिल्ह्याच्या चमूत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका वगैरे सात-आठ पदे मंजूर असतात. पुष्कळशी पदे कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. शहरात स्वतःचा दवाखाना थाटू शकणारा तरुण डॉक्टर या बोलीवर आडगावी कशाला जाईल? शिवाय मुळात ही माणसेच थोडी. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये दाखवून दिले, की लाख वस्तीमागे तीन मनोविकारतज्ज्ञ हवेत, आणि आपल्याकडे आहे पाऊण! अमेरिकेने विटांना पैसा दिला आणि माणसांना उशिरा दिला. आपण माणसांची पदे कागदावर दिली, पण ती भरली जातील अशी बोली केली नाही. वाट निराळी, मुक्काम तोच.

आणि गरज केवढी? २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे दर शंभर प्रौढांतील दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत.

घरच्याच माणसांनी दाखविलेली वाट

चित्र एवढेच असते तर हा लेख ऐन दिवाळीत लिहिण्याचे धाडस केले नसते. पण याच महाराष्ट्रात आणि शेजारच्या गोव्यात आशेची दोन-तीन उदाहरणे घडलेली आहेत.

गोव्यातील आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना थोड्या अवधीत शिकवून तयार केले आणि उदासपणाने, काळजीने ग्रासलेल्या रुग्णांशी बोलण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. सरकारी केंद्रांतले असे रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक प्रमाणात बरे झाले. त्यानंतर याच मंडळींनी विदर्भातील तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचे काम हाती घेतले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जायचे, बोलायचे, गरज असेल त्याला पुढे डॉक्टरकडे पोचवायचे. आधी नैराश्याने ग्रासलेल्या शंभरांतील जेमतेम चार जण मदत घेत असत. अठरा महिन्यांत हा आकडा सत्तावीसवर गेला. सत्तावीस म्हणजे शंभर नव्हेत, हे खरे. पण चाराचे सत्तावीस झाले, तेही त्याच गावांत आणि त्याच दुष्काळात!

महाराष्ट्र सरकारनेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. गावची आशाताई घरी येते, काही साधे प्रश्न विचारते. झोप लागते का, जेवण जाते का, जगणे नकोसे वाटते का. ज्याची उत्तरे काळजीची, त्याचे नाव पुढे कळविते. कर्जबाजारी शेतकरी डॉक्टरपुढे तोंड उघडणार नाही. पण पोलिओचा डोस पाजायला येणाऱ्या ओळखीच्या बाईला, "ताई, हल्ली रात्रभर डोळा लागत नाही," एवढे तो सांगू शकतो. त्या एका वाक्यावर सगळी इमारत उभी राहू शकते.

या तिन्ही ठिकाणचे मर्म एकच. तज्ज्ञ थोडे आहेत तर त्यांनी प्रत्येक घरी जाण्याचा हट्ट नको; घरी जाणाऱ्या माणसाच्या पाठीशी त्यांनी उभे राहावे. मात्र एक धोका आहे. आशाताईच्या खांद्यावर आधीच लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग, नाना तऱ्हेच्या नोंदवह्या आहेत. तिच्यावर हे नवे ओझे टाकून मोबदला मात्र तुटपुंजा ठेवला, तर ते अनुदान सरकारने दिलेले नसून गावच्या गरीब बाईने दिलेले ठरेल.

आपल्या हाती काय?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला आहे. त्यातील काही गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला ती फुकट मिळायला हवी. कायद्याने ठरविलेली किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या दवाखान्यात उपचार घेता येतात आणि तो खर्च सरकारने सोसावा असे कलम आहे. रुग्णाला साखळीने बांधून ठेवणे हा नियमभंग आहे. आणि घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणासाठी बऱ्या झालेल्या माणसाला इस्पितळात ठेवता येत नाही. हे शेवटचे वाक्य वाचताना मला दर वेळी मधले काका आठवतात.

घरात कुणाला त्रास असेल तर आधी आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारावे, मानसिक आरोग्याचा विभाग कोणत्या वारी असतो आणि तालुक्याला चमू केव्हा येतो. फोनवरून बोलायचे असेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो फुकट आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. आणि ज्यांच्या घरी, देवाच्या कृपेने, असे काही नाही, त्यांनीही एक काम करावे. ग्रामसभेत, जिल्हा परिषदेच्या सभासदाला, आमदाराला एकच प्रश्न विचारावा, "आपल्या जिल्ह्याच्या वाट्याचे ते त्र्याऐंशी लाख या वर्षी आले का, आणि किती पदे भरली?" रस्त्याचा, पाण्याचा प्रश्न आपण विचारतोच. हा प्रश्न कुणी विचारीत नाही, म्हणून त्याचे उत्तर तयार ठेवण्याची गरज कुणाला वाटत नाही.

मनोरुग्णाला मतदारसंघ नसतो. तो मोर्चा काढीत नाही, उपोषणाला बसत नाही. त्याच्या घरची माणसे लाजेने गप्प असतात. तिजोरीची किल्ली ज्यांच्या हाती असते त्यांच्या कानी फक्त आवाज पडतो. आणि इथे आवाजच नाही. केनेडींच्या देशात कायद्याला घराण्याचे बळ होते, तरी पैसा सुकला. आपल्याकडे बळ असेल तर ते तुमच्या-माझ्या विचारण्याचेच.

आमच्या वाड्यातली ती परसदारची खोली अजून आहे. बाहेरची कडी थोरल्या काकांनीच काढून टाकली होती, मधले काका ठाण्याहून परत आले त्या दिवशी. चौकटीला चार खिळ्यांची भोके तेवढी राहिली आहेत. आजी होती तोवर दर दिवाळीला त्या खोलीच्या दाराशीही एक पणती लावायची. "त्याला यायला उशीर झाला तर अंधारात ठेचकाळेल," म्हणायची. ती गेली, तरी आमच्या घरी ही रीत आम्ही मोडलेली नाही.